हिराबाईचं लिंबाचं झाड

बाबांचा बनियन मी कधी पांढरा पाहिला नाही. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते कामाला होते आणि त्या आठवड्यात खात्यात जो रंग चालू असेल तो त्यांच्या घामातून बाहेर यायचा. कधी पिवळा, कधी गुलाबी, कधी नुसताच मळकट निळा. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून आई सांगायची, आता लाल चालू आहे, पुढच्या आठवड्यात हिरवा येईल. माई आत्या म्हणायची, "आमच्याकडे शिमगा बारा महिने." संध्याकाळी बाबा घरी आले की चहाच्याही आधी मोरीत जाऊन बसायचे. तिथल्या कोनाड्यात आईने दिवसभरातल्या पिळलेल्या लिंबांच्या फोडी ठेवलेल्या असायच्या. त्या घेऊन ते एकेक नख घासत राहायचे, अगदी सावकाश, जणू दुसऱ्याच कुणाचे हात धुताहेत. रंग पुरता जायचा नाही, पण ताटावर बसण्यापुरता जायचा. माझ्या लहानपणाचा वास कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. लिंबाची साल आणि तिच्याखालून येणारा तो कारखान्याचा उग्र दर्प. दोन्ही एकमेकांना झाकायला बघायचे आणि कुणालाच जमायचं नाही.

बदलापूरला बेलवलीत आमचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे परसू आणि परसाच्या कोपऱ्यात लिंबाचं झाड. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण माई आत्या. आत्याला फार लवकर वैधव्य आलं आणि ती भावाकडे आली ती कायमचीच. घर आईचं होतं, पण राज्य आत्याचं होतं. ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते, कारण पुढे वाचताना कुणालाही तिचा राग येईल. मला गोवर आला तेव्हा पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून राहणारी तीच. तिच्या हातचं उपासाचं लिंबाचं लोणचं मी नंतर कुठेच खाल्लं नाही. लिंबं आधी मिठात मुरवायची, मग साखर, तिखट, थोडं जिरं, आणि बरणीला फडकं बांधून ती फळीवर. साल इतकी मऊ व्हायची की दात नसलेल्या माणसानेही खावी. मात्र बरणीला हात लावायचा तो आत्यानेच.

झाड हिराबाईने आणलं होतं. हिराबाई बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकरवाडीत राहायची. आठवड्यातून दोन-तीनदा लाकडाची मोळी घेऊन खाली उतरायची, मोळी आमच्या ओटीला टेकवायची, परसू झाडायची, तांदूळ निवडायची, सारवण असलं तर सारवायची आणि दुपारची भाकरी खाऊन परत जायची. वाटीभर चहासाठी तिने अख्खा दिवस दिला असता. मी चार वर्षांची असताना ती पळसाच्या पानात मातीसकट गुंडाळून एक रोप घेऊन आली. "कागदी हाय," एवढंच म्हणाली आणि स्वतःच खड्डा खणून लावून गेली. झाड वाढलं, काटे धरले, माझ्या हातांवर ओरखडे काढले. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या यायच्या, त्यांची पुढे सुंदर फुलपाखरं व्हायची. सगळं झालं, पण झाड काही केल्या फळेना. मग एका सकाळी हिराबाई कोयता घेऊन झाडापुढे उभी राहिली. तिच्या वाडीतली ती रीत होती. तिने आईलाही शेजारी उभं केलं. "तोडतेच मी ह्या लिंबोणीला," हिराबाई झाडाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "फुकटची जागा खाते!" आणि आईने पढवल्याप्रमाणे तिचा हात धरला. "नको गं हिराबाई, नको तोडू. यंदा देईल." असं तीनदा. मी हसत सुटले आणि आत्याने मला धपाटा घातला. पुढच्या वर्षी झाड लिंबांनी लगडलं. झाडाचं वय झालं होतं, एवढंच काय ते कारण, हे आता मला कळतं. पण तेव्हा मला खात्री होती की आईने गयावया केली म्हणून झाड वाचलं आणि म्हणून ते फळलं.

फळ धरल्यावर झाड आत्याच्या ताब्यात गेलं. तिन्हीसांजेनंतर तोडायचं नाही, झाडाखाली चपला घालून जायचं नाही, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बाजूला बसलेल्या बाईने झाडाच्या जवळपास फिरकायचं नाही. सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. आत्याच्या सासरच्या आळीत एक भरलेलं झाड अशानेच उभ्या-उभ्या वाळलं होतं म्हणे. ते वाळलेलं झाड तिने इतक्यांदा वर्णन करून सांगितलं होतं की मला ते आमच्या झाडाइतकंच ओळखीचं झालं होतं. आई त्या चार दिवसांत पुढच्या ओटीच्या कडेला बसायची, आणि लिंबं तोडायचं काम माझ्याकडे यायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मी बारा वर्षांची होते तेव्हा आईला पुन्हा दिवस गेले. माझ्यानंतर दोनदा राहून दोनदा गेलं होतं, त्यामुळे या खेपेला घरात कुणी मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही. आईला डोहाळे लागले ते लिंबाचे. भर उन्हाळ्यात, दुपारची सगळी कामं उरकली की ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि हाक मारायची, "सुमा, एक लिंबू आण गं." मी परसात पळायची, पानं बाजूला सारून पिवळसर झालेलं एखादं शोधायची आणि आणून द्यायची. ती ते अर्धं कापायची, वर मीठ भुरभुरायची आणि डोळे मिटून चोखायची. एका फोडीवर तिचा चेहरा असा काही निवायचा की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मी शेजारी बसून दुसरी फोड चोखायची. आयुष्यात आईजवळ इतकी बसले ती त्याच दोन-तीन महिन्यांत.

पाण्याचे हाल होते. नळाला मनात येईल तेव्हा पाणी यायचं आणि नाही आलं की आळीच्या टोकाच्या विहिरीवरून शेंदून आणावं लागायचं. डॉक्टरांनी आईला वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. बाबांच्या मनाने घेतलं की पाणी साठवायला मोठं पिंप हवं. त्या काळी आमच्या भागात घरोघरी कारखान्यातली रिकामी पिंपं असायची, कुणी अंघोळीला, कुणी प्यायला, कुणी धान्याला वापरायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एका रविवारी बाबा उल्हासनगरला भंगारवाल्यांच्या गल्लीत गेले आणि टेंपोत घालून एक निळं प्लॅस्टिकचं पिंप घेऊन आले, माझ्या गळ्यापर्यंत येईल एवढं. त्या सिंधी दुकानदाराची त्यांनी ओटीवर उभं राहून नक्कल केली. "साईं, एकदम फस्क्लास माल है. सोडे से धो डालो, फिर इस में दूध रखो, दूध!" आई खूप दिवसांनी हसली. पिंपावर एक कागद चिकटवलेला होता, तो अर्धा फाटलेला. बाबांनी आत डोकं घालून वास घेतला आणि म्हणाले, "काही नाही, स्वच्छ आहे." बाबांचं नाक कारखान्यात जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. आई कधी कधी त्यांना म्हणायची, तुमच्यापुढे भात करपला तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही. त्या दिवशी ते कुणालाच आठवलं नाही.

पिंप तीन दिवस धुतलं. धुण्याचा सोडा टाकून पाणी भरायचं, काठीने घुसळायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी आडवं करून ओतून टाकायचं. ऐन उन्हाळ्यात पाणी वाया घालवायचं आत्याच्या जिवावर यायचं. आमच्याकडे तांदळाचं धुवण, भांड्याचं पाणी, सगळं झाडाच्या आळ्यात जायचं, तसंच हेही गेलं. पहिल्या दिवशीचं पाणी तांबूस होतं, दुसऱ्या दिवशीचं फिकं, तिसऱ्या दिवशीचं नितळ. बाबांनी ओंजळीत घेऊन मला दाखवलं. "बघ सुमा, आरसा आहे की नाही?" मग पिंप स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं आणि माठ त्यातूनच भरायला लागलो. आईला विहिरीवर जायला नको. बाबांचा चेहरा त्या आठवड्यात जितका प्रसन्न होता तितका मी तो पुन्हा पाहिला नाही.

त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा कावळा शिवला. हे टाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी कुणाला सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत होते की आईला लिंबं कोण देणार म्हणून मी गप्प राहिले. तेही थोडं होतंच. पण खरं कारण असं की शेजाऱ्यांकडे नवा टीव्ही आला होता आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा. बाजूला बसले असते तर त्यांच्या घरात पाय ठेवता आला नसता, आणि सगळ्या आळीला कळलं असतं ते वेगळंच. मी आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडून घेतलं, धुण्याच्या दगडामागे लपवत राहिले, आणि चारही दिवस झाडावरून लिंबं तोडून आईला देत राहिले. पहिल्या दिवशी मी झाडापासून जमेल तितकं लांब उभं राहून लिंबू तोडलं. काही झालं नाही. चौथ्या दिवशी मला वाटलं, आत्याचं सगळं थोतांड आहे.

आठ-दहा दिवसांनी झाड पिवळं पडायला लागलं. आधी शेंड्याची पानं वळली, मग खालची गळाली, आणि मग हरभऱ्याएवढी हिरवी फळं देठासकट टपाटपा पडायला लागली. सकाळी आळ्यात बघावं तर फळांचा सडा. आत्या झाडाखाली उभी राहिली आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मी मोरीत जाऊन बसले. माझ्यासमोर आत्याच्या सासरचं ते वाळलेलं झाड उभं होतं. थोतांड नव्हतं. मी झाड मारलं होतं, आणि आईचे डोहाळे त्या झाडावर होते, म्हणजे पुढे काय होणार हे मला दिसायला लागलं. बारा वर्षांच्या मुलीला जेवढी भीती पेलता येते त्याच्या कितीतरी पलीकडची होती ती. घरात सगळ्यांचीच पोटं बिघडलेली होती, तोंडं आलेली होती, आई सकाळपासून डोकं धरून बसायची. ऊन बाधलं, असं सगळे म्हणायचे. मला मात्र त्याचंही कारण माहीत होतं असं वाटत होतं.

हिराबाई मोळी घेऊन आली त्या सकाळी आत्या ओटीवर वाट बघतच होती.

"मागच्या पंधरवड्यात तू परसात कुठल्या अवस्थेत आली होतीस?" तिने सरळच विचारलं.

हिराबाईला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तिने पदर सावरला. "तसली असताना मी खाली उतरतच नाय, माई. आमची पन रीत हाय."

"रीत! तुमच्या वाडीत कसली आलीय रीत? झाड बघ जा. उभं जळलंय. मग कोण शिवलं त्याला? माझी भावजय शिवली, पोटुशी बाई? का ही एवढीशी पोर शिवली?"

मी दारात उभी होते. आत्याचं बोट माझ्याकडे होतं, पण तिचे डोळे हिराबाईवर होते. हिराबाईने मात्र माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. माझा चेहरा बाईमाणसाला वाचता येत नव्हता असं मी कसं म्हणू? आतून, खाटेवरून आईचा आवाज आला, "वन्सं, जाऊ द्या ना." एवढंच. मी तोंड उघडलं असतं तर चार शब्दांचं काम होतं. मी चौकटीला लागलेली रंगाची पापडी नखाने काढत राहिले.

"उद्यापासून येऊ नकोस," आत्या म्हणाली.

हिराबाई भांडली नाही. तिने आपली चुंबळ उचलली, आणि पुढून न जाता परसात गेली. झाडाच्या बुंध्यावर तळवा ठेवला. मग उकिडवं बसून तिने आळ्यातली माती बोटांनी उकरली, मूठभर उचलून नाकाशी नेली आणि झटकन टाकून दिली. मातीतून तिने काहीतरी वेचून तळहातावर घेतलं आणि कुंपणाशी येऊन मला खुणेने बोलावलं. तिच्या हातात मेलेली गांडुळं होती, वाळून दोऱ्यासारखी झालेली.

"बाय, ह्या मातीला पिपाचा वास येतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "झाड कुनी शिवून मेला नाय. त्या पिपाच्या पान्यानं मेला. आयला सांग, त्यातला पानी पिऊ नको. पोटात पोर हाय. सांगशील ना?"

मी मान हलवली. ती कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. मोळी ओटीवरच राहिली होती. दोन-तीन दिवस ती कुणी उचलली नाही.

मी आईला का सांगितलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत इतक्यांदा विचारला आहे की उत्तरं गुळगुळीत झाली आहेत. हिराबाईशी बोललीस कधी, हे आत्याने विचारलं असतं. हिराबाईने केलं नाही, तर मग कुणी, हे विचारलं असतं. ही भीती होतीच. पण तिच्या तळाशी दुसरंच काही होतं. माझा हिराबाईवर विश्वासच बसला नाही. मला वाटलं, बिचारीला काय माहीत, झाड मी मारलंय ते. माझ्या पापावर माझा इतका पक्का विश्वास होता की समोर कुणीतरी तळहातावर घेऊन आलेलं खरं मला दिसलं नाही. त्या दुपारी आईने पाणी मागितलं. मी माठातून तांब्या भरून दिला.

सातवा संपत आला होता. एका दुपारी तांदूळ निवडताना आई मधेच थांबली, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "वन्सं, काहीतरी होतंय मला." आळीतल्या कुणीतरी रिक्षा आणली. तिला उल्हासनगरच्या एका सूतिकागृहात नेलं. बाबांना कारखान्यात निरोप गेला. मी आणि शेजारच्या काकू घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास बाबा आले. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. ते घरात आले नाहीत. ओटीच्या पायरीवरून त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "मुलगा होता." मग शेजारचे दोघे त्यांच्याबरोबर नदीकडे गेले. परत आल्यावर बाबा मोरीत जाऊन बसले. बोटांना माती होती आणि मातीखाली लाल रंग. कोनाड्यात लिंबाची फोड नव्हती. त्यांनी तिथे हात फिरवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग राखेने हात घासले. माझा आत्मविश्वास, माझं हसणं, जे काय माझं होतं ते त्या मोरीच्या दाराशी उभं राहून मी गमावलं असं मला वाटतं. हे मी सरळ लिहिते, कारण याहून वेगळ्या तऱ्हेने ते मला सांगता येत नाही.

आई घरी यायच्या आधी आत्याने गडी बोलावून झाड तोडायला लावलं. मेलेलं झाड बाळंतिणीच्या नजरेला पडू नये म्हणून. त्याने कोयता उगारला तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं, नको तोडू, यंदा देईल. पण म्हणायला आई नव्हती आणि कोयता खोटा नव्हता. बुंधा आतून काळपट निघाला. बरणीतलं लोणचं त्यानंतर दोन वर्षं पुरलं, पण आत्याशिवाय कुणी खाल्लं नाही.

आई उठली, फिरायला लागली, पण बोलायची कमी. महिन्या-दीड महिन्याने तिने एक नवीनच सुरू केलं. रोज पहाटे उठून कळशी घ्यायची आणि प्यायचं पाणी विहिरीवरून आणायचं, पिंप काठोकाठ भरलेलं असलं तरी. आत्या चिडायची. "घरात गंगा असून दारोदार कशाला?" आई माठ विहिरीच्या पाण्याने भरायची, आणि पिंपातलं पाणी धुण्या-भांड्याला. मला वाटायचं, तिला घर नकोसं झालंय, माझं तोंड बघायला नको म्हणून ती बाहेर पडते. असं सात-आठ वर्षं चाललं.

मी कॉलेजात असताना एक दिवस बाबा कारखान्यातून आले ते मोरीत गेलेच नाहीत. नंतर त्यांच्या सोबतच्या एकाकडून मला कळलं की त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना जमवून रिकाम्या पिंपांबद्दल सांगितलं होतं. घरी नेऊ नका, कितीही धुतलं तरी आत मुरलेलं राहतं. बाबांनी घरात येऊन पिंप आडवं केलं, सगळं पाणी स्वयंपाकघरात वाहू दिलं, ते फरफटत परसात नेलं आणि कोयत्याने त्याचे तुकडे करायला लागले. पिंप चिवट होतं. कोयता उसळायचा. आत्या ओरडत होती, "अरे, चांगलं पिंप आहे, डोकं फिरलं का तुझं?" आई दारात उभी होती, हातात निवडायला घेतलेली मेथी. बाबांचा श्वास लागला तेव्हा तिने आत जाऊन चहा ठेवला. त्यानंतर आमच्या घरात पिंपाचा विषय निघाला नाही. बाबा निवृत्त झाले, नखं पांढरी व्हायच्या आधीच गेले. त्यांच्या पाठोपाठ आत्या गेली.

एका डॉक्टर मैत्रिणीला मी एकदा आडून विचारलं होतं. ती म्हणाली, सांगता येत नाही, आधी दोनदा झालं होतं म्हणतेस, कशानेही होऊ शकतं. ती मला बरं वाटावं म्हणून बोलली की खरंच सांगता येत नाही, हे मी तिला विचारलं नाही.

शेवटची पाच वर्षं आई माझ्याकडे होती. बदलापूरलाच, चौथ्या मजल्यावर. जिथून पूर्वी बारवीकडचे डोंगर दिसायचे तिथे आता समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसतात. तिचं जेवण अगदी कमी झालं होतं. मऊ भात, वरण आणि वर लिंबू. एका दुपारी तिला ताट वाढून दिलं आणि गाडीवरून आणलेलं लिंबू कापताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, हिराबाईने काही केलं नव्हतं. झाडाला मी शिवले होते."

"माहीत आहे," आई म्हणाली. "दगडामागचं फडकं मीच धुवून ठेवत होते की."

सुरी माझ्या हातातच राहिली. "मग आत्याला का नाही सांगितलंस?"

"सांगून? तुला सोडलं असतं त्यांनी? आत पडून सगळं ऐकत होते मी. हिराला घालवलं ते मी घालवलं. तुझ्याकडे नाही येत ते."

इथे थांबता आलं असतं. माफी मिळाली होती, आणि जी मिळाली ती माझ्या लहान गुन्ह्याची होती. मोठा तसाच होता. मी मनात म्हटलं, आता सांगायचंच, पण माझ्याआधी तीच बोलली.

"हिरा भेटली होती मला. झाड तोडल्यावर महिनाभराने. विहिरीपाशी गाठ पडली. फार रडली माझ्यासाठी."

"काय म्हणाली?"

आईने भात कालवला. "म्हणाली, वैनी, मी बायला सांगितलं होतं पान्याचं. तिनं सांगितलं नाय का तुम्हाला?"

मला आठवलं ते पहाटेचं कळशीचं वाजणं. सात-आठ वर्षं, रोज. बाबा आणि मी अंथरुणात असताना.

"बाबांना कधी बोलली नाहीस?"

"त्यांनी ते माझ्यासाठी आणलं होतं गं."

समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे झटकत होतं. मी विचारलं, "आणि हिराबाईला? तिला काय सांगितलंस?"

"म्हटलं, सांगितलं होतं पोरीने. मीच ऐकलं नाही."

मग तिने ताट माझ्याकडे जरा पुढे सरकवलं आणि म्हणाली, "पिळ ना, भात निवतोय."